मशीनला न दिसलेला माणूस

हे माझ्यासोबत घडलेलं आहे. ऐकीव नाही.

इथे बरेच जण असं म्हणूनच सुरुवात करतात. मीही पूर्वी असल्या गोष्टी वाचायचो आणि हसून सोडून द्यायचो. म्हणून आधी दिवस आणि जागा सांगून टाकतो. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. दिवाळीनंतरचा दुसरा गुरुवार. दुपारचे सव्वाबारा. चाकण एमआयडीसीतलं एक प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात ती जागा.

रात्रीची वाट बघू नका. यात रात्र कुठेच नाही. बाहेर लख्ख ऊन होतं.

माझं नाव स्वानंद. वय अडतीस. रहाटणीत राहतो. बायको चित्रा, मुलगी ओवी, दुसरीत आहे. नोकरी माणमध्ये, एका छोट्या कंपनीत.

माझं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

कॉम्प्युटरच्या अगदी पोटात एक प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. कॅमेरा, सेन्सर असं काहीही जोडलं की कर्नेल त्याला मेमरीत जागा देतो. ते यंत्र सुटलं की जागा काढून घेतो. लॉजच्या खोल्यांसारखं समजा. माणूस आला, किल्ली द्यायची. गेला, किल्ली घ्यायची, खोली झाडायची, मग दुसऱ्याला द्यायची. हे सगळं करणारा कोड दुसरे लिहितात. मी तो तपासतो. चूक दिसली तर परत पाठवतो, नाही दिसली तर मंजूर करतो.

आमच्या कंपनीचा एक डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, प्रेस मशीनवर बसायचा. वर कॅमेरा. तो मशीनच्या जबड्यात बघत राहायचा. आत हात दिसला, डोकं दिसलं, की दिवा लाल आणि प्रेस जागच्या जागी थांबणार. आत कोणी नसलं की दिवा हिरवा.

सप्टेंबरमध्ये या डब्याचा नवा कोड माझ्याकडे आला. माझ्यासोबत वर्षाली नावाची मुलगी होती. लातूरची, चोवीस वर्षांची, नोकरीला लागून आठ महिने झालेले. तिने माझ्या आधी कोड वाचला आणि एका ओळीखाली प्रश्न लिहून ठेवला.

तिचं म्हणणं असं. कॅमेऱ्याची केबल क्षणभर जरी हलली, तरी कर्नेलला वाटतं, कॅमेरा गेला आणि दुसरा आला. तो त्याला नवी खोली देतो. पण तपासणारा प्रोग्राम जुन्याच खोलीच्या खिडकीतून बघत राहतो. तिथे शेवटचं चित्र तसंच लटकलेलं असतं. त्या चित्रात जबडा रिकामा असेल, तर प्रोग्रामला तो रिकामाच दिसत राहणार.

मी वाचलं. तिचं बरोबर होतं.

तेवढ्यात आमचे मॅनेजर हरिहर सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एक वाजता चाकणचे लोक डेमोला येणार होते.

"झालं का?"

"सर, वर्षालीने एक पॉइंट काढलाय. केबल हलली तर..."

"केबल हलेल कशी? स्क्रू मारलेत ना राव! पुढच्या रिलीजमध्ये घे. आज मंजूर कर."

मी वर्षालीच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'दुर्मीळ शक्यता. नंतर बघू.' आणि मंजूर केलं. अकरा चाळीस झाले होते. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

अकरा दिवसांनी हिंदुराव गेला.

हिंदुराव हा त्या प्रेसचा ऑपरेटर. मूळचा शाहूवाडीकडचा, वय सेहेचाळीस. पत्र्याचा एक तुकडा आत अडकला होता. दिवा हिरवा होता. म्हणजे खाली येणाऱ्या मशीनला वाटत होतं की आत कोणी नाही. केबल हललीय आणि डबा जुनंच चित्र बघतोय, हे हिंदुरावला कसं कळणार? तुकडा काढायला तो खांद्यापर्यंत आत वाकला...

प्रेस खाली आली.

शेजारच्या मशीनवरचा पोरगा पोलिसांना दोनदा म्हणाला, "काका आत होते आणि लाईट हिरवीच होती."

ते कोणी लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरिहर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"लेन्सवर ग्रीस होतं. त्यानं पुसलं नाही. मग मशीनने लाल दाखवलं तरी आत घुसला. समजलं?"

"सर, ग्रीस असतं तर लाल कसा दाखवेल?"

"एवढं कोण विचारतंय?"

"आणि वर्षालीचा प्रश्न..."

"कुठला प्रश्न?"

मी केबिनमधून बाहेर पडलो. मग माझ्या जागेवर आलो आणि तो प्रश्न पुसला. नुसता पुसला नाही, कोडचा सगळा जुना इतिहास मी नव्याने लिहिला. तो प्रश्न कोणी कधी विचारलाच नव्हता, असं दिसेल इतका नीट. हे काम मला चांगलं येतं.

वर्षालीला दुसऱ्या आठवड्यात काढलं. काम समाधानकारक नाही म्हणून. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली.

"सर, मी लिहिलं होतं की ओ."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. ती जाईपर्यंत मान वर केली नाही.

अहवालावर माझी सही आहे. 'मयताच्या निष्काळजीपणामुळे अपघात.'

एका कागदावर हिंदुरावच्या बायकोची सही हवी होती. सर मला घेऊन गेले. म्हाळुंग्यात दहा बाय दहाची खोली. कुसुमताई नाव तिचं. भिंतीला टेकून बसली होती. मी कागद वाचून दाखवला. वाचून झाल्यावर म्हणाली,

"सायब, काच ते रोज पुसायचे. घरनं रुमाल न्यायचे. रोज सांजंला मी धुवायची त्यो रुमाल."

सर घड्याळ बघत होते.

तिने मग माझ्याकडे पाहिलं. "येक इचारू? मशीनीला ते दिसलं न्हाईत व्हय?"

खरं बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायचं होतं.

मी म्हणालो, "दिसले होते, ताई. मशीनने लाल दिवा दाखवला. त्यांनीच ऐकलं नाही."

तिने पेन हातात घेतलं.

"मंजी माणूसच चुकला म्हनायचा," असं म्हणून तिने सही केली.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

तो डबा हिंदुरावच्या मशीनवरून काढून आणायचा होता. त्याआधी त्यात दुरुस्त केलेला कोड चालवून बघ, असं सरांनी सांगितलं होतं. चाकणला गुरुवारी सुट्टी असते. शॉपमध्ये एकही मशीन चालू नव्हतं. इतकी मोठी पत्र्याची शेड आणि काही आवाज नाही. वॉचमन कोंडीरामने शटर अर्धं वर केलं, मला आत सोडलं आणि म्हणाला, "मी चहा सांगून येतो साहेब. तुम्ही करा तुमचं."

प्रेस धुऊन काढली होती. तरी मी तिच्या जबड्याकडे पाहिलं नाही. स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला, डब्याला जोडला.

पहिलं काम म्हणून मी कॅमेऱ्याची केबल काढली. हे लक्षात ठेवा. केबल काढून मी स्टुलाखाली ठेवली. मला फक्त मेमरी तपासायची होती.

दुरुस्तीत मी एक ओळ घातली होती. कॅमेऱ्याला नवी जागा देताना ती आधी शून्यांनी भरायची. म्हणजे झाडून दिलेली खोली. चित्र म्हणून उघडली तर नुसती काळी दिसायला हवी.

मी उघडली.

काळी नव्हती...

त्यात प्रेसचा जबडा होता. वरून दिसतो तसा. रिकामा.

मी घाबरलो नाही. म्हटलं, माझीच ओळ चुकली. जुनं चित्र राहिलं असेल. डबा बंद केला. सप्लाय काढला. पाच मिनिटं थांबलो. वीज गेली की या मेमरीत काही उरत नाही. आणि हा डबा तर दीड महिना बंदच होता.

पुन्हा चालू केला. पुन्हा उघडलं.

तोच जबडा. पण आता एका कडेला सावली होती. गोल. माणूस वाकला की डोक्याची पडते तशी.

पुन्हा बंद. पुन्हा चालू.

आता सावली नव्हती. एक हात होता. बोटं जाड, नखांत काळं. हातात कापड...

माझी ओळ मी तीनदा वाचली. बरोबर होती. चौथ्यांदा चालू केलं.

आता तो हात लेन्सच्या अगदी जवळ होता. सगळं चित्र कापडाने भरलं होतं.

आणि मला आवाज आला.

चर्र... चर्र... चर्र...

ओल्या फडक्याने काच पुसतात, तसा. माझ्या डोक्यावरून येत होता.

मी वर पाहिलं. वर कॅमेरा होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. केबल माझ्या पायाशी पडलेली. पण लेन्स... बाकी सगळ्या कॅमेऱ्यावर दीड महिन्याची धूळ होती. लेन्स मात्र चकचकीत होती. मी बघत असताना तिच्यावर एक ओला पट्टा उमटला आणि हळूहळू वाळला.

आवाज थांबला.

लॅपटॉपवर चित्र आपोआप बदललं.

आता जबडा नव्हता. सगळं शॉप दिसत होतं. अर्धं शटर, त्यातून आत आलेलं ऊन, प्रेस, माझं स्टूल, लॅपटॉप.

स्टूल रिकामं होतं.

मी हात वर केला. चित्रात काही हललं नाही. मी उभा राहिलो. काही नाही. मी जोरात ओरडलो, "कोण आहे?" माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. चित्रातलं स्टूल तसंच.

मग चित्रात शटरखालून कोंडीराम आत आला. दोन हातांत दोन ग्लास. तो स्टुलापाशी आला. रिकाम्या जागेकडे बघून काहीतरी बोलला.

माझ्या कानाशी तोच आवाज आला. "साहेब, चहा. काय झालं? घामाघूम झालात."

तो माझ्या शेजारी उभा होता. मला बघत होता. चित्रात तो कोणाशीच बोलत नव्हता.

मी लॅपटॉप धाडकन मिटला. डबा तिथेच टाकून निघालो. तळवड्याच्या सिग्नलला येईपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या दारातल्या मशीनने माझी हजेरी घेतली नाही.

तिथे चेहरा दाखवावा लागतो. मी उभा राहिलो. मशीन म्हणालं, समोर या. मी आणखी पुढे गेलो. समोर या. माझ्या मागची मुलगी माझ्या खांद्यावरून वाकली, तिची हजेरी लगेच लागली.

मग फोन चेहरा ओळखेना.

मग सोसायटीची लिफ्ट. मी दारात उभा असताना दार मिटलं. माझ्या खांद्यावर. उघडलं नाही. मिटतच गेलं. शेजारच्यांनी बटण दाबलं म्हणून सुटलो. खांदा आठवडाभर काळानिळा होता.

सोमवारी व्हिडिओ मीटिंगला सगळे म्हणू लागले, "स्वानंद, कॅमेरा चालू कर."

"चालूच आहे."

"अरे, खुर्ची दिसतेय नुसती."

सगळे हसले. हरिहर सरांचा कॅमेरा बंद होता आणि त्यांचं हसू ऐकू आलं नाही.

मीटिंग संपल्यावर ते माझ्याकडे आले. आवाज खाली केला. "तुझ्याही बाबतीत?"

मी मान हलवली.

"मला चार दिवस झाले," ते म्हणाले. मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "मशीन खराब आहेत. बदलून घेऊ."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी ते म्हणाले, "कोणाला बोलू नकोस."

डिसेंबरमध्ये चाकणच्या एका कारखान्यात त्यांचा डेमो होता. आमचाच नवा डबा. वेल्डिंगचा रोबो असतो, त्याचा एक मोठा हात. माणूस पिवळ्या रेषेच्या आत आला की तो हात थांबला पाहिजे. सकाळचे साडेअकरा. सहा पाहुणे समोर. मी मागे लॅपटॉपवर.

सर बोलता बोलता रेषेच्या आत गेले. नेहमीच जायचे. आता बघा, थांबेल, असं म्हणत पाहुण्यांकडे तोंड करून उभे राहिले.

मला माझ्या स्क्रीनवर आतली जागा दिसत होती.

रिकामी.

मी ओरडलो का? मला वाटतं मी ओरडलो. चित्रा म्हणते, झोपेत मी अजून ओरडतो. पण तेव्हा ओरडलो की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

हात फिरला.

नंतर पोलिसांनी सीसीटीव्हीचं फुटेज मागितलं. ते मी पाहिलं. सहा पाहुणे दिसतात. मी दिसत नाही. सरही दिसत नाहीत. रोबोचा हात फिरतो आणि हवेतच कशाला तरी अडतो. पुन्हा जोर लावतो. पुन्हा अडतो. पाहुणे तोंडं झाकतात. आणि खालची फरशी हळूहळू काळी होत जाते... कोणी नसताना.

कॅमेरा बिघडला होता, असं ठरलं.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी लिहिला. तीच भाषा. तीच वाक्यं. 'मयताच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' सरांच्या बायकोने, सुखदावहिनींनी, कागद हातात घेऊन मला विचारलं, "भावजी, हे असं कसं? हे इतके सांभाळून असायचे."

मी सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

मी असा माणूस आहे. हे लपवून उपयोग नाही.

पण मला भीती वाटत होती. पुढचा नंबर माझा, हे लहान पोराला कळलं असतं. जानेवारीतल्या एका रविवारी मी एकटा म्हाळुंग्याला गेलो. कुसुमताई धुणं वाळत घालत होती. मी दारातच सगळं सांगितलं. केबल, जुनं चित्र, वर्षालीचा प्रश्न, मी पुसलेला. हिंदुरावची काही चूक नव्हती, हे सांगितलं.

मला वाटलं होतं ती रडेल. शिव्या देईल. शाप देईल.

तिने बादलीतला शेवटचा कपडा पिळला, दोरीवर टाकला. मग म्हणाली, "माजी सासू गावाकडं सगळ्यास्नी सांगती, पोरगं पिऊन मशीनीवर गेलं. माज्याच तोंडावर म्हनती, तूच पाजली आसशील. त्यांनी जल्मात दारू शिवली न्हाई सायब."

"माहीत आहे, ताई."

"ह्ये लिवून द्याल? तुमच्या सहीनं? मी तिला वाचून दावीन. पोलिसाला न्हाई देत. मला काय बी नगं. येवढा कागूद द्या."

"देतो," मी म्हणालो. "येत्या गुरुवारी आणून देतो."

तिने हात जोडले. मला. तिने मला हात जोडले.

मी गुरुवारी गेलो नाही.

कागद लिहिला होता. मग वाटलं, तो गावात फिरला तर? कोणी फोटो काढला तर? नोकरी जाईल. केस होईल. फ्लॅट, ओवीची शाळा... पुढच्या गुरुवारी जाऊ, म्हटलं. त्याच्या पुढच्या. मध्ये एकदा हजेरीच्या मशीनने मला पटकन ओळखलं. फोननेही. लिफ्टचं दार माझ्यासाठी थांबलं. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी घरी जिलेबी नेली. म्हटलं, संपलं. बोललो त्याचाच गुण आला. आता कागदाची काय गरज?

सात आठवडे गेले.

मार्चमध्ये ओवीच्या वर्गाचा ग्रुप फोटो आला. तिने दप्तरातून काढून मला दिला. "बाबा, मला शोध."

मी पहिली ओळ बघितली. दुसरी. तिसरी.

"नाही सापडत? अरे, दुसऱ्या ओळीत. करिष्माच्या बाजूला."

दुसऱ्या ओळीत करिष्मा होती. तिच्या पलीकडे एका मुलीएवढी जागा मोकळी होती. करिष्माचा एक हात त्या मोकळ्या जागेवर टाकलेला होता. कोणाच्या तरी गळ्यात टाकतात तसा. हवेत.

"मी कुठे गेले?" ओवीने विचारलं.

मी शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, "ओवी होती की हो. मीच तिला उभं केलं तिथे."

मी फोनमधले फोटो काढून बसलो. गणपतीतले होते. दिवाळीतले होते. जानेवारीपर्यंतच्या सगळ्या फोटोंत ती होती. त्यानंतरच्या एकाही फोटोत नाही. फेब्रुवारीतल्या तिच्या वाढदिवसाचा व्हिडिओ. केकसमोर खुर्ची. सगळे टाळ्या वाजवतात. खुर्चीवर कोणी नाही. मेणबत्त्या एक एक करून विझतात...

तो कागद घेऊन मी तसाच म्हाळुंग्याला निघालो. मोशीपासून गाड्या तुंबल्या होत्या. पाऊण तास मी नुसता हॉर्न वाजवत होतो.

खोलीत दुसरंच कुटुंब होतं. बिहारकडचं. त्यांना काही माहीत नव्हतं. शेजारच्या विमलबाईंनी सांगितलं, "ती व्हय? गेली की महिना झाला. लई गुरुवार वाट बघत बसली बिचारी. कोन सायब यायचा व्हता म्हनं. दारातच बसायची, कामाला बी जायची न्हाई त्या दिवशी."

"गावाला गेल्या?"

"गावाला कोन घेतंय तिला? कुटं गेली ठावं न्हाई."

मी शाहूवाडीला जाऊन आलो. सासूने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "त्या बाईचं नाव या दारात काढायचं न्हाई." मी कागद दाराखालून आत सरकवला. ती निरक्षर आहे, हे मला मागून कळलं.

मग पोलीस चौकीत गेलो. सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, माझा जुना अहवाल काढला, माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"तेव्हा खोटं बोलत होतात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"पुरावा?"

पुरावा मीच पुसला होता. नीट. वर्षालीला फोन केला. ती म्हणाली, "आता कशाला ओ, सर?" आणि ठेवून दिला. पुन्हा उचलला नाही. कंपनीने मला सुट्टी घ्यायला सांगितलं. एका डॉक्टरांचा नंबर दिला.

आता माझं सगळं व्यवस्थित आहे. प्रत्येक मशीनला मी दिसतो. मॉलचं दार मी वीस पावलांवर असताना उघडतं.

ओवीला आम्ही लिफ्टने नेत नाही. सातवा मजला, जिन्याने चढतो. शाळेची बस बंद केली. बसला मागे कॅमेरा आहे. मी स्वतः सोडतो, स्वतः आणतो. रस्त्यावर तिचा हात सोडत नाही. तिला ते आवडत नाही आता. "बाबा, दुखतंय," म्हणते. चित्राला मी फक्त फोटोंचं सांगितलं. मोबाईल बदल, म्हणाली.

मशीनपुरतंच असेल, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या आठवड्यात ओवी वर्गात हात वर करून बसली होती. बाईंनी विचारलंच नाही म्हणे. पूर्ण तास. घरी येऊन रडली. मी म्हटलं, बाईंचं लक्ष नसेल गं.

परवा खाली खेळायला गेली आणि दहा मिनिटांत परत आली. "मला कोणी घेतच नाही. माझ्यावर राज्यच देत नाहीत. माझ्याकडे बघतच नाहीत."

आज रविवार. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. ओवी माझ्या आणि चित्राच्या मध्ये. केसांना दोन रबर, एक निळं, एक पिवळं. मी मुद्दाम सांगतोय. मला ती दिसत होती. अजून दिसते.

मी तिच्या ताटात भात वाढला. वर वरण घातलं.

चित्रा जेवायची थांबली. आधी ताटाकडे, मग माझ्याकडे बघितलं. तिला थोडी माझी काळजी वाटली असावी.

"स्वानंद," ती हळू आवाजात म्हणाली, "कोणाला वाढतोयस?"